चेटकिणीच्या तोंडी घातलेली वाक्यं

बाई, तुम्ही गेल्याची बातमी मला फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा मी रडले नाही. उलट सावकाश कॉफी करून घेतली, नेहमीपेक्षा जास्त डिकॉक्शन घालून, आणि तिरुवल्लिकेणीच्या आमच्या घराच्या पायरीवर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे जुन्या विद्यार्थिनीचं कृतज्ञतेचं पत्र आहे असा तुमचा गैरसमज व्हायला नको. तशी पत्रं तुम्हाला पोत्यानं आली असतील. तुमच्या गोष्टी वाचून वाढलेली माणसं आता त्याच गोष्टी आपल्या मुलांना वाचून दाखवतात. ती उडत्या होडीतून फिरणारी भावंडं, तो चिडका पोपट, ते दर पुस्तकात एक दार उघडणारं राज्य. त्या सगळ्यांशी माझं काही भांडण नाही. मला फक्त तिसऱ्या पुस्तकातल्या विहिरीवरच्या चेटकिणीबद्दल बोलायचं आहे. पोपटाला तुम्ही नाव दिलंत, होडीलासुद्धा दिलंत. तिला दिलं नाहीत.

कदाचित तुम्हाला ती आठवतही नसेल, पाच-सात पानांचं तर काम तिचं. राज्याच्या पार दक्षिणेला, विहिरीच्या काठी एकटी राहणारी, नऊवारी नेसणारी, जुनाट आणि विचित्र बोलणारी बाई. वाट चुकलेल्या मुलांना ती आग्रहानं घरात घेते, जेवू घालते, निघताना हातात विडा ठेवते, आणि ज्यानं तो विडा घेतला तो आपलं घर विसरतो. तिला हरवायची युक्ती पोपट सांगतो. तिच्या बोलण्याला हसायचं. जितकं हसाल तितकी ती लहान होते. मग ती भावंडं तिची वाक्यं तिच्यासारखीच वेडावून म्हणतात, पोट धरून हसतात, आणि ती आक्रसत आक्रसत घागरीत मावेल एवढी होते. तिला घागरीत घालून विहिरीत सोडतात. पुढच्या पानावर होडी उडते. तुमच्या वाचकांना हा प्रसंग फार आवडतो म्हणे.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. तुमचे यजमान आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात होते, तुम्हाला तिथलं सरकारी क्वार्टर मिळालं होतं, आणि पुण्याची आठवण काढून काढून तुमचा जीव नुसता कंटाळला होता. म्हणून तुम्ही रविवारी मराठी मुलांचा वर्ग सुरू केलात. आवडीहून लोकलनं सेंट्रल स्टेशन, तिथून बस, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी तुमची छत्री दिसली की आम्ही मुलं जिना चढून, वर्ग भरायचा त्या वरच्या खोलीत सतरंज्या घालायला धावायचो. तुम्ही अंबाड्यात पेन्सिल खोचायचात. मला ती इतकी आवडायची की मी घरी वेणीत काडी खोचून हिंडत असे. बाकीची मुलं बदली होऊन आलेल्यांची होती, नागपूरची, कोल्हापूरची. आम्ही तंजावरकडचे. आमचे पूर्वज कधी आणि कोणाबरोबर इकडे आले हे घरात कोणालाच धड सांगता येत नव्हतं, पण बोलत होतो ती मराठीच, निदान आम्हाला तसं वाटत होतं. एका रविवारी मी उभी राहून म्हटलं, "बाई, पुढल्या आदित्यवारीं मी यावयाची नाहीं, घरीं सोयरे येतात." तुम्ही खडू खाली ठेवलात. "ही कुठली गं मराठी? तुमच्याकडे अजून पेशवे आहेत का?" सगळा वर्ग हसला. तुम्हीही हसलात, आणि मग मला ते वाक्य 'नीट' करून पुन्हा म्हणायला लावलंत. मी म्हटलं. मी हुशार मुलगी होते, एकदा सांगितलं की माझं नीट होत असे.

हे अम्माला सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिनं तर तुम्हाला जेवायलाच बोलावलं होतं. खऱ्या महाराष्ट्रातली बाई आपल्या स्वयंपाकघरात येणार म्हणून ती दोन दिवस घासत होती ते घर. त्या मुलखात ती कधी गेली नव्हती, पुढेही गेली नाही. तुम्ही आलात, पाटावर बसलात, केळीच्या पानावर तिनं उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर वाढलं, चिंचेचं सांबारं वाढलं, आणि तुम्ही पुण्याच्या गोष्टी सांगायला लागलात. तुळशीबागेतली दुकानं, थंडीतली धुक्याची सकाळ, मंडईतले अंजीर. अम्मा समोर भिंतीला टेकून बसली होती, हातातला पंखा हलवायचा विसरली होती. तुम्ही जरा थांबलात की ती म्हणायची, "सांगा की बाई आणखी, कान उपाशी आहेत माझे." तुम्ही कान टवकारलेत ते मी पाहिलं. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा ना." अम्मा लाजली, पण तिनं पुन्हा म्हटलं. मग तुम्ही उठायला लागलात तशी ती म्हणाली, "रिकाम्या हातें कशी धाडूं तुम्हांस? बैसा थोडें," आणि पानसुपारी, हळदकुंकू, मोगऱ्याचा गजरा घेऊन आली. तेही तुम्ही पुन्हा म्हणायला लावलंत. त्यानंतर तुम्ही येतच राहिलात. आज पाण्याला काय म्हणता, उद्या जावयाला काय म्हणता, आणि दर वेळी डांगर. अम्मा मला म्हणायची, "त्या बाईंस आपलें बोलणें केवढें आवडतें गे!" मी मान हलवायचे. मला वर्गातला खडू आठवायचा, पण मला वाटलं, चुकतेय ती मीच. माझं बोलणं वाईट असेल आणि अम्माचं चांगलं असेल. दहाव्या वर्षी माणूस असाच विचार करतं.

मग तुमची बदली झाली. वर्षा-दोन वर्षांनी पुण्याहून पार्सल आलं, आत ते तिसरं पुस्तक, आणि पहिल्या पानावर तुमच्या सुरेख अक्षरात 'माझ्या तंजावरच्या चिमणीला'. मी नाचले. अम्माला देवनागरी वाचता येत नव्हतं, ती तमिळ वाचायची, म्हणून रोज दुपारी ती स्वयंपाकघरात काहीतरी निवडत बसली की मी तिला वाचून दाखवायचे. होडी उडाली, पोपट चिडला, अम्मा खूश. आणि मग ती मुलं विहिरीपाशी आली. चेटकीण दारात येऊन म्हणाली, "बैसा गे लेकरांनो, उपाशी कोठें जातां?" अम्माचे हात थांबले. "पुन्हां वाच." मी पुन्हा वाचलं. तिचा चेहरा असा उजळला की मला तो आजही दिसतो. तिनं शेजारच्या मामींना हाक मारली, त्यांना तमिळमधून सांगितलं की बघा, आमचं बोलणं पुस्तकात छापून आलंय, पुण्याच्या बाईंनी छापलंय. मामी येऊन उंबऱ्यात बसल्या. मराठीचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं, तरी बसल्या. मी पुढे वाचत गेले. "सांग की गे पोरी आणखी, कान उपाशी आहेत माझे." अम्मा मामींकडे बघून हसत होती, छातीवर हात ठेवून मानेनं खुणावत होती की हे मी, हे माझं. मी पान उलटलं.

थांबायला हवं होतं हे मला कळत होतं का? नव्हतं कळत. ते कळायला ओळीच्या पुढे ओळ वाचावी लागते आणि तोवर तोंडातून निघून गेलेलं असतं. पोपटानं युक्ती सांगितली. मुलांनी वेडावलं. "रिकाम्या हातें कशी धाडूं गे तुज! रिकाम्या हातें कशी धाडूं गे तुज!" आणि हसली, आणि ती लहान झाली, आणि अजून हसली, आणि अजून लहान झाली. मी घागरीपर्यंत वाचलं. मामींनी तमिळमधून विचारलं, "मग? पुढे काय झालं तुझं?" अम्मा म्हणाली, काही नाही, गोष्ट संपली. मामी गेल्या. अम्मानं निवडायचं सूप उचललं, त्यात काही राहिलं आहे का ते पाहिलं, आणि भांडी घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ती म्हणाली, "साप्पिट्टियाडी?" जेवलीस का गं, एवढंच. पण तमिळमधून. मला वाटलं चुकून निघालं. तिसऱ्या दिवशीही तेच. मग कधीच दुसरं निघालं नाही. माझ्याशी नाही, बाबांशीही नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा ती त्यांच्या उशाशी बसून तमिळमधून रडली. तुम्ही विचाराल की एवढ्याशा गोष्टीनं कोणी भाषा टाकतं का. बाई, तुम्ही तिचा पाहुणचार उचलून त्याची करणी केलीत. तिनं हातावर ठेवलेल्या विड्याला भूल म्हटलंत. आणि तिची वाक्यं तिच्याच मुलीच्या तोंडून तिला वेडावून दाखवलीत. ज्या घरी जेवलात त्या घराचा इतका पाणउतारा शत्रूही करत नाही. तेव्हापासून मी तुमच्यावर दात धरून आहे, आणि मला तो राग उतरवायचीही घाई नाही. मी तो जपला आहे, उन्हं दाखवून, लोणच्यासारखा.

आता मी शोळिंगनल्लूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नव्यानं येणाऱ्या मुलामुलींची राहण्याखाण्याची, कामाच्या पहिल्या महिन्याची व्यवस्था बघते. महाराष्ट्रातून पुष्कळ येतात, पहिल्या आठवड्यात सगळ्यांना पोळी हवी असते. त्यांच्याशी मी तुमची नीट केलेली मराठी बोलते. पण मध्यंतरी एका अमरावतीच्या मुलीला ताप आला होता, तिला खोलीवर डबा घेऊन गेले आणि बोलता बोलता निसटलं, "ऊठ गे, दोन घांस जेव, मग नीज." ती तापात उठून बसली. "मॅडम! तुम्ही तर अगदी विहिरीवरच्या चेटकिणीसारखं बोलता!" तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी मुकाट्यानं डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. लहानपणी तिची आई तिला झोपवताना तो आवाज काढायची म्हणे. मी घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तुम्ही मेलात तरी तुमची ती बाहुली घरोघर नाचते आहे आणि लोक तिला अंगाईत घालतात.

त्या मुलीनं अर्थातच सगळीकडे सांगितलं. गणपतीत ही कंपनीतली मराठी मंडळी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचं नाटक बसवतात, यंदा तुमचं तिसरं पुस्तक ठरलं, आणि चार जण माझ्या टेबलाशी उभे राहिले. "मॅडम, चेटकीण तुम्हीच. दुसरं कोणी करूच शकत नाही." मी लगेच हो म्हटलं. त्यांना वाटलं मॅडम किती खिलाडू आहेत. मला मात्र दिसत होतं की इतक्या वर्षांनी तुमचं मानगूट माझ्या हातात आलं आहे. तालमीत मी शहाण्यासारखी वागले. घागर म्हणून त्यांनी पाण्याचं मोठं निळं प्लास्टिकचं पिंप कापून आणलं होतं, त्याच्यामागे मी गुडघ्यावर बसायचं, मग आडवं व्हायचं, मग एक बाहुली वर काढायची. रोज बसले, रोज आडवी झाले. अम्माची जुनी सुती नऊवारी कपाटाच्या तळाशी होती, ती मागितली. तिनं कशाला म्हणून विचारलं नाही.

नाटकाच्या दिवशी हॉल भरलेला होता. माझी वाक्यं झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग ती पोरं शिकवल्याप्रमाणे माझ्यापुढे ओळीनं उभी राहिली आणि हसायला लागली. मी उभीच राहिले. ती आणखी जोरात हसली. मी कमरेवर हात ठेवले. धाकटी बहीण झालेली मुलगी, असेल सहा वर्षांची, माझ्या जवळ सरकली आणि कुजबुजली, "मावशी, आता लहान व्हायचं ना." मी म्हटलं, मोठ्यानं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं, "मी नाहीं होत गे लहान. हसा, पोट भरून हसा. हसून झालें कीं जेवून जा." पोपट झालेला मुलगा प्रॉम्पटिंगवाल्याकडे बघायला लागला. हसू बंद पडलं. मी पिंप पायानं बाजूला ढकललं, कमरेला खोचलेल्या पानसुपारीच्या पुड्या काढल्या आणि एकेका पोराच्या हातावर ठेवत गेले. "रिकाम्या हातें कशी धाडूं गे तुज?" कोणी वेडावलं नाही. त्या धाकटीनं पुडी नाकाशी नेली आणि तशीच मुठीत धरून उभी राहिली. बाई, तुमच्या गोष्टीचा शेवट मी चारचौघांत मोडला आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. मजा वाटली. नंतर दोन-तीन आया कुरकुरल्या की मूळ गोष्ट अशी नाही. मी म्हटलं, मूळ गोष्ट मला विचारा.

खरं सांगते, तेवढ्यावरच हे पत्र संपवायचं होतं. जिंकले म्हणून सही करायची होती. पण अमरावतीच्या मुलीनं मोबाइलवर सगळं टिपून पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते अम्मापुढे धरलं. तिला आता दिसतं कमी, ऐकू बऱ्यापैकी येतं. शेवग्याचा पाला ओरबाडत बसली होती. नऊवारी ओळखली, फोन जवळ ओढून घेतला. चेटकिणीचा आवाज आला तशी तिची बोटं थांबली, त्या दिवशी थांबली होती तशीच. मला वाटलं, मी उभी राहिले ते ती बघेल. माझ्या आईला कोणी घागरीत घातलं नाही हे तिला एकदा दिसेल. ती पार शेवटापर्यंत बघत राहिली. आणि मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली,

"उभ्यानें काय पान देतेस गे? बैसव पहिलें लेकरांस. पाटावर बैसवून देतात पान. इतकेंही येईना तुज?"

बाई, मी वेणीत काडी खोचून हिंडत होते तेव्हापासून आजपर्यंत ऐकला नव्हता तो आवाज. आणि तो आला कसा, तर वैतागून. तुमच्या घागरीकडे तिचं लक्षच नव्हतं. हसणारी पोरं तिनं पाहिलीही नसतील. तिच्या मुलीनं पाहुण्यांना उभ्या उभ्या विडा दिला, एवढंच तिला सहन झालं नव्हतं. मग पाला बाजूला सारून म्हणाली, "ती बाई कोठें असते आतां?" मी तमिळमधून सांगितलं की तुम्ही कधीच गेलात. "अय्यो," ती म्हणाली. "डांगर मागून मागून खाई. बरी जेवत असे." बस. एवढंच आठवतं तिला तुमचं. मी आयुष्यभर जिच्या वतीनं तुम्हाला शाप दिले तिला तुमची भूक आठवते. मला तुमचा इतका राग कधीच आला नव्हता. विचारलं, तू बोलणं का सोडलंस? तिनं खांदे उडवले. "तुज हसूं नयेत लोक म्हणून. आणखी काय?"

ती पुन्हा पाल्याकडे वळली. मला दिसत होतं की आता मी काही बोलले नाही तर हे दार लागेल, आणि या वयात ते परत उघडेल याची खात्री कोणी द्यावी. तमिळमधून बोलले तर लागेल. तुमच्या नीट मराठीतून बोलले तर नक्कीच लागेल. मला तिच्यासारखं बोलायचं होतं, आणि बाई, माझ्यापाशी काही नव्हतं. एक वाक्य स्वतःचं जुळवता येईना. घरात पुन्हा कधी ऐकलंच नव्हतं, येणार कुठून? डोक्यात जे होतं ते सगळं तुमच्या तिसऱ्या पुस्तकातलं. वेलांटी-अनुस्वारासकट तुम्ही उतरून घेतलेलं, ते मला पाठ आहे. रागानं वाचून वाचून झालेलं पाठ.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हटलं, "सांग की अम्मा आणखी, कान उपाशी आहेत माझे."

तिनं माझ्याकडे पाहिलं, पाल्याची अर्धी जुडी माझ्या पुढ्यात ढकलली आणि सांगायला लागली, तंजावरच्या तिच्या आजीचं, पाटावर बसवून पान कसं देत असत त्याचं. पाला संपला तरी सांगत होती. तुम्हाला मी माफ केलेलं नाही आणि हे पत्र पाठवायला पत्ताही नाही. फक्त एक आहे. ते वाक्य मी कुठून आणलं हे अम्मानं विचारलं नाही. तिला ते माझंच वाटलं, आणि मी तसंच वाटू दिलं.